दगडी शेकोटी दर वर्षी तडकतेय? आग नंतर बघा, आधी पाणी शोधा

अंगणात किंवा बागेत दगडाचं गोल कुंड बांधून त्यात शेकोटी करणाऱ्यांची तक्रार साधारण एकसारखीच असते. आतल्या बाजूचे चार-पाच दगड तडकलेत, सांध्यातलं सिमेंट भुगा होऊन राखेत पडलंय, एखाद्या दगडाची बशीएवढी खपली निघालीय. डागडुजी होते, पुढच्या हंगामात पुन्हा तेच. मग दोष आगीच्या माथी मारला जातो. लाकूड जास्त टाकलं, जाळ मोठा केला, दगडच हलका निघाला.

माझंही तेच मत होतं. चार वर्षांत तीनदा मी एकच कुंड दुरुस्त केलं. पहिल्यांदा दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, कोरून नव्याने भरल्या. दुसऱ्यांदा तडकलेले दगड काढून जास्त जाड दगड बसवले. तिसऱ्यांदा सांध्यात भरायच्या मालात, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणात, सिमेंट वाढवलं, म्हणजे खरं तर दुखणं वाढवलं, पण ते नंतर कळलं. चौथ्यांदा वैतागून सगळं कुंडच उकललं. आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता, तरी तळाची राख चिखलासारखी ओली होती. खालच्या थरातला एक दगड पहारेने उलटा केला. बुडापासून तीन बोटं वरपर्यंत तो गडद, त्यावर फिकट आणि कोरडा. तडा त्या दोन रंगांच्या सीमेवरून आडवा गेला होता. जाळ त्या दगडाला वरून तापवत होता आणि जमीन त्याला खालून पाणी पाजत होती.

तेव्हापासून कुणी तडकलेलं कुंड दाखवलं की मी आधी त्याच्या बुडाशी हात घालतो.

तुकडा फेकू नका, नीट बघा

दगड कशामुळे फुटला हे तुटलेला तुकडा बऱ्यापैकी सांगतो. म्हणून झाडलोट करायच्या आधी तो हातात घ्या.

आगीकडच्या तोंडावरून पातळ, किंचित वाकडी खपली उडाली असेल, आणि ती उडाली तेव्हा "फट्" असा आवाज झाला असेल, तर बहुधा आतल्या ओलाव्याची वाफ झाली. हे सहसा शेकोटी पेटल्यावर पहिल्या तासाभरात होतं, तेही कुंड बरेच दिवस पडून असेल किंवा नुकताच पाऊस झाला असेल तेव्हा. पाण्याची वाफ झाली की साध्या दाबाला ती मूळ पाण्याच्या १,६००-१,७०० पट जागा मागते. सच्छिद्र दगडात तिला वाट मिळाली तर ती हळूच निघून जाते. दगड घट्ट असेल, पाणी आतल्या बारीक भेगेत बसलेलं असेल आणि तापमान झपाट्याने चढलं, तर वाट करून घेण्यासाठी ती दगडच फोडते. खपली वेगाने उडते, डोळ्याला लागू शकते. ओल्या कुंडात जाळ करून मुलांना कडेला बसवणं म्हणूनच मला पटत नाही.

दगड वरपासून खालपर्यंत सरळ चिरला असेल आणि दोन्ही तुकडे जागेवरच असतील, तर त्याला फुगायला जागा नव्हती, किंवा तापलेला असताना त्यावर पाणी पडलं.

तोंडावरून साखरेसारखे कण गळत असतील, बोट फिरवलं की वाळू हाताला येत असेल, तर दगडात गारेचं, म्हणजे क्वार्ट्झचं, प्रमाण भरपूर आहे. वालुकाश्म आणि ग्रॅनाइट यांच्या बाबतीत हे बऱ्याचदा दिसतं. क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना ५७३ अंश सेल्सिअसला बदलते आणि त्या क्षणी त्याचं आकारमान एकदम वाढतं. निवताना उलटा प्रवास. शेजारचे फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाचे कण असं काही करत नाहीत, त्यामुळे दर शेकोटीला कणाकणातली पकड थोडी सुटते. ५७३ अंश म्हणजे फार लांबचा आकडा वाटतो, पण अंधारात एखादी वस्तू जेमतेम लालसर दिसायला लागते तीच मुळी ५२५ अंशांच्या आसपास. निखारा लालबुंद असेल आणि तो दगडाला टेकलेला असेल, तर तेवढ्या जागी तुम्ही हा आकडा ओलांडलाय असंच धरा.

चौथी खूण फसवी आहे. शेकोटी झाली, दगड धड दिसला, आणि दोन-चार दिवसांनी, विशेषतः दमट हवेत, तो पांढरा पडून फुगला, भुसभुशीत झाला. हा चुनखडीचा दगड, किंवा त्याचंच रूप असलेला संगमरवर. ८००-९०० अंशांना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे राहते चुनकळी. चुनकळीला पाणी लागलं की काय होतं हे चुना विरवताना ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. म्हणजे तुम्ही न कळत चुन्याची भट्टी लावली आहे. दगड चुनखडीचा आहे का हे बघायला त्याच्या ताज्या तुटलेल्या बाजूवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर तो दगड आगीजवळ नको.

आणि दगड शाबूत पण सांधे मोकळे, अशी स्थिती असेल तर दोष दगडाचा नाहीच. त्याकडे पुढे येतो.

पाणी येतं कुठून

एक साधी चाचणी करा. कुंड पूर्ण गार असताना राख काढा, तळ झाडून घ्या आणि एक बादली पाणी ओता. दहा-पंधरा मिनिटांनी बघा. पाणी जिरलं असेल तर निचरा ठीक आहे. डबकं तसंच असेल तर बाकी सगळ्या दुरुस्त्या थांबवा, कारण त्या टिकणार नाहीत.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घात "पिट" या शब्दाने केलाय. फायर पिट म्हणजे खड्डा असं डोक्यात बसलं की माणूस टिकाव घेऊन फूटभर खणतो, तळाला खडी घालतो आणि निचऱ्याचं काम झालं असं समजतो. जमीन मुरमाड किंवा रेताड असेल तर झालंही. पण चिकण मातीत खणलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेलं घमेलं. त्यात तुम्ही खडी भरली तर खडीने भरलेलं घमेलं होतं, पाणी जायचं कुठे? आजूबाजूच्या जमिनीत मुरलेलं पाणीसुद्धा त्याच मोकळ्या जागेत येऊन साठतं. माझ्या कुंडाचं हेच झालं होतं. खडी होती, चांगली वीतभर होती, आणि ती पाण्यात उभी होती.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, खड्ड्याच्या तळातून छिद्रांचा पाइप काढून तो उतारावर मोकळा सोडायचा. मीटरला एक-दोन सेंटीमीटर उतार पुरतो, मात्र तो पाणसळीने तपासा, डोळ्याने नको. पाइपभोवती खडी, खडीभोवती गाळ अडवणारं जाळीदार कापड. पाइप प्लास्टिकचा असेल तर तो निखाऱ्यांपासून निदान वीतभर खडीखाली हवा.

दुसरा उपाय, जो मी शेवटी केला आणि आता सगळ्यांना सांगतो, तो म्हणजे खणूच नका. वरची भुसभुशीत माती तेवढी काढा, १५-२० सेंटीमीटर खडीचा थर द्या, धुम्मसाने ठोकून घ्या, आणि कुंड त्या थरावर जमिनीच्या वर बांधा. खडी बाहेरच्या बाजूलाही फूटभर पसरू द्या. खडीतल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढत नाही, त्यामुळे दगडाचं बूड कोरडं राहतं. ३० ते ४५ सेंटीमीटर उंचीचं कडं आणि आत ९० ते १२० सेंटीमीटर व्यास, एवढं माप बसून शेकायला सोयीचं पडतं. खोलगट कुंडाची मजा यात नाही हे कबूल. पण दर वर्षी ते उकलण्यातही फारशी मजा नव्हती.

पाणी वरूनही येतं. माथ्यावरचे दगड आतल्या बाजूला उतरते बसले असतील तर प्रत्येक पावसाचं पाणी कुंडात जाणार. ते किंचित बाहेर उतरते हवेत. झाकण ठेवत असाल तर उत्तम, पण ते हवाबंद नको आणि आग विझल्या-विझल्या तर नकोच. राखेखाली निखारा दोन-तीन दिवसही धगधगत राहू शकतो.

आणि राख. राख स्पंजासारखी पाणी धरून ठेवते, भिजून वाळली की थापल्यासारखी घट्ट होते आणि खडीची तोंडं बुजवते. शिवाय लोखंडी कडं असेल तर ओल्या राखेत ते झपाट्याने गंजतं. दर दोन-तीन शेकोट्यांनंतर राख काढायचा कंटाळा करू नका. बोटभर कोरडी राख राहिली तर चालते, चार बोटं नको.

कोणता दगड

नदीतले गोटे दिसायला सुरेख असतात आणि फुकट मिळतात, म्हणून पहिला मोह त्यांचाच. प्रत्येक गोटा फुटतोच असं नाही. अडचण ही की वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेला दगड आतून किती ओला आहे, त्यात आपटून-आपटून किती बारीक भेगा पडल्यात, हे बाहेरून कळत नाही. माझ्या पहिल्या कुंडात तेच होते. बाहेरच्या शोभेला लावा, आगीच्या तोंडाला नको.

आगीच्या जवळ त्यातल्या त्यात भरवशाचा म्हणजे घट्ट, बारीक कणांचा काळा दगड, बेसाल्ट. तो मुळात लाव्हा थिजून बनलेला, त्यात मोकळं क्वार्ट्झ सहसा नगण्य असतं. पण त्यातही पोकळ्या आणि पांढरे खडे भरलेले प्रकार असतात, ते टाळा. आणि काळा दगड म्हणून निर्धास्त राहू नका, ओला बेसाल्टही तडकतो. ग्रॅनाइट बाहेरच्या कड्याला चालेल, निखाऱ्याला भिडवू नका. वालुकाश्मात इतके प्रकार आहेत की सरसकट बोलता येत नाही, तुकडा जाळात टाकून लांबून बघणं बरं. पापुद्र्यांचे दगड, म्हणजे स्लेट किंवा शिस्ट, पापुद्र्यांतच सुटतात. जांभा पाणी पितो.

निवडताना प्रत्येक दगडावर हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत भेग आहे. शंका असेल तर स्वयंपाकघरातला काटा काढा. दगड चांगला वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. दोन किलोच्या दगडाचं वजन वीस ग्रॅमच्या आत वाढलं तर त्याने एक टक्क्याहून कमी पाणी प्यायलं, ठीक आहे. शंभर ग्रॅम वाढलं तर तो आगीपासून लांब. चाचणीला वापरलेला दगड मात्र लगेच कुंडात लावू नका, त्याला आठवडे वाळू द्या.

सांधे का सुटतात

नेहमीच्या सिमेंटचा माल आगीच्या तोंडाला टिकत नाही. त्यात कितीही सिमेंट वाढवलं तरी नाही. घट्ट झालेल्या सिमेंटमधला एक भाग ४००-५०० अंशांच्या दरम्यान आपल्यातलं बांधलेलं पाणी सोडून देतो, आणि मग हवेतली ओल पिऊन पुन्हा फुगतो. म्हणून जाळाच्या दिवशी ठीक दिसणारी दरज पंधरा दिवसांनी हाताने निघते. तिसऱ्या दुरुस्तीत मी नेमकं हेच केलं होतं, आणि वर माल इतका कडक झाला की आता दरजेऐवजी दगडच चिरायला लागले.

कारण दगड फुगतो. ग्रॅनाइटसारखा दगड दर अंशाला मीटरमागे साधारण आठ हजारांश मिलिमीटर वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण तापमान ५०० अंशांनी चढलं तर मीटरला चार मिलिमीटर झाले, म्हणजे तीन मीटरच्या घेराला बारा. प्रत्यक्षात दगडाची आगीकडची बाजूच तेवढी तापते, बाहेरची हाताला कोमट लागते, आणि त्यामुळे ताण कमी होत नाही, वाढतो. एकच दगड एका अंगाने मोठा व्हायला बघतोय आणि दुसऱ्या अंगाने तसाच आहे. वर तुम्ही त्याला चारी बाजूंनी सिमेंटने जखडलंय.

म्हणून आतलं कडं कोरडं रचा, मालाशिवाय. दगड थोडे घडवून, पाचर देऊन, हलणार नाहीत असे बसवा. हे जमत नसेल, आणि घडाईचा हात नसेल तर खरंच जमत नाही, तर भट्टीच्या विटांचं अस्तर करा. बाजारात फायर ब्रिक म्हणून मिळतात, नेहमीचं माप २३० × ११५ × ७५ मिलिमीटर. त्या भट्टीच्या मातीच्या मालात, दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक सांध्यात बसवतात, जाड सांधा तडकतो. अस्तर आणि बाहेरचा दगड यांच्यात दोन-तीन सेंटीमीटर मोकळी जागा सोडा. रिकामी. गवंडी ती जागा प्रेमाने मालाने भरून टाकतो, तेव्हा समोर उभे राहा. माथ्याचा दगड बाहेरच्या भिंतीवर बसवा, अस्तराला चिकटवू नका.

लोखंडी कडं वापरत असाल तर तोच हिशोब. पोलाद दगडाहून जास्त वाढतं. एक मीटर व्यासाचं कडं ५०० अंशांनी तापलं की व्यास सहा मिलिमीटरने वाढतो. दगडाला टेकवून बसवलं असेल तर ते दगड बाहेर ढकलतं, आणि मग लोक म्हणतात जमीन खचली.

विझवण्याची पद्धत

बारूद यायच्या आधी खाणीत खडक फोडायला त्याला लाकडं लावून आग लावायचे. त्यावर थंड पाणी ओतण्याचीही रीत होती. रात्री निघताना तापलेल्या कुंडात बादली उपडी करणारा तेच काम छोट्या प्रमाणात करतो. पण पेटती आग सोडून जाता येत नाही हेही खरं. शेवटचा अर्धा तास लाकूड टाकू नका, निखारे सळईने मध्यभागी ओढा, दगडांपासून दूर, आणि त्या ढिगावर झारीने थोडं-थोडं पाणी शिंपडत ढवळा. वाफ यायची थांबली की हाताची मागची बाजू वरून धरून बघा. पाणी दगडावर उडालं तरी थोडंच उडेल.

पेटवतानाही घाई नको. बरेच दिवस बंद असलेल्या किंवा भिजलेल्या कुंडात आधी कडक ऊन मिळू द्या, मग काटक्यांचा छोटा जाळ मध्यभागी तासभर. दगडांच्या सांध्यांतून वाफ दिसत असेल तर मोठं लाकूड अजून नको. सगळ्यांनी त्या वेळी जरा मागेच बसावं.

धुराचं थोडक्यात: तळाशी चार बाजूंना पाच-पाच सेंटीमीटरच्या फटी ठेवा आणि लाकूड वाळलेलं वापरा. ओलं लाकूड धूरही करतं आणि कुंडात पाणीही आणतं.

तडकलेल्या दगडांचं काय

इपॉक्सीने चिकटवू नका. नेहमीची इपॉक्सी दीड-दोनशे अंशांपलीकडे तग धरत नाही, आणि जळताना तिचा धूर तुमच्या नाकात जातो. खपली निघालेला दगड आतून खणखणीत वाजत असेल तर फिरवून त्याची दुसरी बाजू आगीकडे करता येते. आरपार चिरलेला काढून टाका.

केसासारखी बारीक भेग असेल तर घाई करायची गरज नाही. तिच्यावर आडवी, दोन्ही बाजूंना जाणारी पेन्सिलची रेघ मारा, भेगेचं टोक जिथे संपतं तिथे टिंब द्या आणि शेजारी तारीख लिहा. ही खूण दगडाच्या बाहेरच्या बाजूला करा, आतली जळून जाईल. चार-पाच शेकोट्यांनंतर बघा. टिंबाच्या पुढे भेग गेली असेल पण रेघ अखंड असेल, तर बूड पुन्हा तपासा, कुठेतरी ओल आहे. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील, तर तो दगड कुणीतरी ढकलतोय. बहुतेक वेळा अस्तरामागच्या मोकळ्या जागेत राख आणि खडी पडून ती बुजलेली असते, लांब सळईने उकरली की निघते. माझ्या कुंडावर अशा तीन रेघा आहेत. दोन जागच्या जागी आहेत. तिसरी गेल्या खेपेला अर्ध्या मिलिमीटरने सरकली, तेव्हा मागे हात घातला तर विटेचा एक कपचा अडकलेला निघाला.